एस्टीमला मोठा ऑइल पंप? आधी चेंबर उघडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मारुती एस्टीमचं 1.3 लिटर, 16 व्हॉल्व्हचं इंजिन नव्याने बांधलंय, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) बदललाय, 7,500 आरपीएमपर्यंत फिरवताय. नाशिकच्या ऑटोक्रॉसला (आखलेल्या वळणांच्या ट्रॅकवर घड्याळाशी शर्यत) लांब डाव्या वळणात तेलाचा लाल दिवा लुकलुकतो. म्हणून जास्त व्हॉल्यूमचा पंप आणि खोल चेंबर (इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी) मागवावा का?

पंपाचे पैसे सध्या खिशातच राहू द्या. चेंबरचं काम करा, पण खोल चेंबर नको.

सगळं उत्तर दिवा कधी लागतो त्यात आहे. सरळ रस्त्यावर ठीक आणि फक्त वळणात लुकलुकतो, म्हणजे स्ट्रेनरची (पंपाला तेल पुरवणाऱ्या पाइपच्या तोंडाची) जाळी उघडी पडतेय आणि पंप तेलाऐवजी हवा ओढतोय. दमून आल्यावर गरम इंजिन आयडलला असताना लागत असेल, तर बेअरिंगचा गॅप, पातळ झालेलं तेल किंवा झिजलेला पंप. आणि सरळ रस्त्यावरच आरपीएम वाढवत नेताना दाब वाढायच्या ऐवजी घसरत असेल, तर तेलात फेस होतोय किंवा स्ट्रेनरच्या पाइपची ओ-रिंग हवा घेतेय. तुमचा प्रकार पहिला. तिथे दुप्पट ताकदीचा पंप बसवला तर तो दुप्पट वेगाने हवा ओढेल, एवढाच फरक.

हिशेब करून बघा. गाडी 1 जीने, म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढ्या बाजूच्या ओढीने, वळत असेल तर चेंबरमधल्या तेलाचा पृष्ठभाग 45 अंशात कलतो. चांगल्या टायरांवर, डांबरावर एवढं मिळतं. मातीवर अर्धा जी धरला तरी 27 अंशांच्या आसपास. तुमचं इंजिन आडवं बसलेलं, त्यामुळे वळणात तेल क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या शाफ्टच्या) लांबीच्या दिशेने पळतं आणि डाव्या वळणात गाडीच्या उजव्या टोकाला जाऊन साचतं. स्ट्रेनर त्या टोकाला नसेल तर झालंच. दुसरीकडे पंप मिनिटाला 30 लिटर उपसतो असं धरा. म्हणजे सेकंदाला अर्धा लिटर. चार सेकंदांच्या वळणात दोन लिटर तेल वर हेडमध्ये आणि गॅलऱ्यांत गेलं, आणि ते तितक्या वेगाने खाली उतरलं नाही, तर चेंबरमध्ये उरलं किती? मोठा पंप हे आणखी बिघडवतो. शिवाय लागतं त्याहून जास्त आलेलं तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून (जादा दाब सोडणारी झडप) परत जातं, म्हणजे इंजिनाची ताकद तेल तापवण्यात खर्च.

त्या दिव्यावर फार विसंबू नका. दाब अर्ध्या बारच्याही खाली गेल्यावर तो लागतो; 6,000 आरपीएमला तोवर बिग एंडचे शेल (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाची बेअरिंग) मार खात असतात. आधी मेकॅनिकल गेज लावा. स्विचच्या जागी टी बसवताना आटे तपासून घ्या. जपानी इंजिनांत ते बहुधा 1/8 बीएसपीटी (ब्रिटिश मापाचे) असतात, बाजारात मिळणारी फिटिंग बऱ्याचदा एनपीटी (अमेरिकन मापाची) असते. दोन्ही दिसायला सारखी, पण एकात इंचाला 28 आटे आणि दुसऱ्यात 27. जोर लावून बसवलं की इंजिनाकडचे आटे गेले. गेजसमोर मोबाइल बांधून एक रन रेकॉर्ड करा. वळणात काटा सेकंदभर जरी कोसळला, तरी निदान पक्कं झालं.

आता चेंबर. तेलाचा दाब दर 1,000 आरपीएमला 10 पीएसआय हवा, हा जुना अमेरिकन अंदाज सगळे सांगतात. गरम तेलावर 7,000 ला 4 बार (साधारण 58 पीएसआय) स्थिर मिळत असतील तर मी तरी झोप उडवून घेणार नाही. ते स्थिर राहायला स्ट्रेनरभोवती एक पेटी हवी: चार भिंती, प्रत्येकीला आत उघडणारं आणि बाहेर न उघडणारं झाकण. तेल आत येतं, वळणात बाहेर पळू शकत नाही. झाकणाची बिजागरी स्टीलचीच ठेवा. साधं रबर गरम तेलात फुगतं आणि झाकण अडकतं. पेटीवर एक आडवी प्लेट, तिला तेल उतरायला भोकं आणि डिपस्टिकसाठी वाट. ही वाट हमखास विसरतात आणि मग डिपस्टिक अर्ध्यावर अडते. जास्तीचं तेल साठवायचं असेल तर चेंबर खाली नाही, बाजूंना वाढवा, एक्झॉस्ट आणि ड्राइव्हशाफ्ट सांभाळून. आपल्याकडचे स्पीडब्रेकर आणि मातीच्या स्टेज बघता खोल चेंबर म्हणजे दगडांना आमंत्रण.

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागात टिग वेल्डिंग करणारे भरपूर आहेत, पण त्यांना इंजिन माहीत असेलच असं नाही. एवढं सांगाच: चेंबरची कड जाड प्लेटला किंवा भंगारातल्या ब्लॉकला बोल्टने आवळून मगच वेल्डिंग, नाहीतर कड पिळवटते आणि जन्मभर गळते. आतून शॉट ब्लास्टिंग बिलकुल नको, घडीत अडकलेला दाणा पुढे बेअरिंगमध्येच निघतो. गळती बघायला बाहेरून जोडांना खडू फासा आणि आत डिझेल भरून रात्रभर ठेवा. जिथे गळेल तिथे खडू ओला दिसेल.

स्ट्रेनर आणि तळ यांत 6 ते 10 मिमी अंतर हवं. मोजायला जाळीवर मुलांची क्ले चिकटवा, गॅस्केटसकट चेंबर आवळा, काढून क्लेची जाडी मोजा. तुमच्या गाडीचं हे आधीच बिघडलेलं असू शकतं. खालून दगड लागून तळ आत दबला की जाळी तळाला टेकते आणि पंपाचा घसा आवळला जातो. चेंबरखालचा वाकलेला गार्ड त्याला टेकूनही हेच होतं, म्हणून दोहोंत दोन बोटांची जागा सोडा. चेंबर लावताना अ‍ॅनाबॉण्ड (गळती रोखायचं सीलंट) चोपडू नका. आत सुटलेले त्याचे तुकडे थेट जाळीवर जाऊन बसतात.

पंपाकडे दुर्लक्ष करा असं मी म्हणत नाही. जी-सिरीजमध्ये (एस्टीमच्या या सुझुकी इंजिनांच्या मालिकेत) तो क्रँकच्या पुढच्या टोकावर, टायमिंग बेल्टच्या मागे असतो. पुन्हा बेल्ट काढायचाच झाला तर फीलर गेजने बाहेरच्या रोटरचा आणि सरळपट्टी ठेवून वरचा गॅप मोजा, मॅन्युअलच्या मर्यादेशी ताडून बघा. चरे दिसले तर मूळ कंपनीचा नवा पंप. रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली शिम (पातळ वॉशर) घालायचा सल्ला मिळेल. त्याने फक्त कमाल दाब वाढतो, आयडलचा किंवा वळणातला नाही. बिलेट (अखंड धातूतून कोरलेल्या) रोटरची खरी गरज अशा इंजिनांना, जिथे क्रँकच्या पिळाच्या कंपनांनी सिंटर्ड (धातूची भुकटी दाबून केलेले) रोटर फुटतात. निसानचं आरबी26 त्यासाठी बदनाम आहे. तुम्ही डॅम्पर (ही कंपनं शोषणारी क्रँकची पुली) काढून हलकी अ‍ॅल्युमिनियम पुली लावली असेल आणि लिमिटरवर (आरपीएमच्या कमाल मर्यादेवर) इंजिन आपटवत असाल, तर मात्र तो विचार करा.

ड्राय सम्प (तेल वेगळ्या टाकीत ठेवण्याची पद्धत) सोडून द्या. त्या पैशात अजून एक एस्टीम येईल. दाब पडताच साठवलेलं तेल सोडणारा अ‍ॅक्युसम्प चांगला आहे, पण आधी पेटी करून बघा. ऑइल कूलरही ऑटोक्रॉसच्या दीड-दोन मिनिटांच्या रनला लागत नाही. कोइम्बतूरच्या कारी रेस ट्रॅकवर सेशन करणार असाल तर लागेल, आणि मग तो थर्मोस्टॅटसकट घ्या.

तोपर्यंत तात्पुरता उपाय: डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा अर्धा लिटर जास्त तेल, फक्त स्पर्धेच्या दिवशी. ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) तेल येऊ लागलं किंवा डिपस्टिकवर फेस दिसला, तर तेवढं काढून टाका.

चेंबर परत चढवल्यावर चारही प्लग काढून, इंधनाचा फ्यूज उपसून, गेजवर दाब येईपर्यंत स्टार्टर थांबत थांबत फिरवा. पंप उघडला असेल तर रोटरमध्ये आधी व्हॅसलीन भरा, ग्रीस नाही. मग प्लग लावा. रन रेकॉर्ड केलात की कुठल्या वळणात काटा कितीपर्यंत गेला तेवढं इथे लिहा, त्यावरून पेटीचं माप सांगतो.