ट्रेलरशेजारी मुलांसाठी तंबू घेताना

आई-बाबा भारतातून आले की ट्रेलरमधले (गाडीमागे ओढायच्या फिरत्या घरातले) पलंग त्यांना आणि मुलं बाहेर तंबूत, हा तुमचा बेत छान आहे. फक्त तंबूच्या पिशवीवरच्या आकड्यावर जाऊ नका. ‘चार माणसांचा’ म्हणजे चौघं अगदी खांद्याला खांदा लावून. दोन मुलं आणि त्यांच्या बॅगा यांना तोच नीट पुरतो.

कॅम्पिंगच्या ठिकाणी ट्रेलरच्या जागा बहुधा खडीच्या, खुंटी आत जातच नाही. म्हणून स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा घ्या; तरी वाऱ्यासाठी कोपरे मोठ्या दगडांना बांधाच.

वरचं पावसाचं कापड जमिनीपर्यंत येणारं हवं. खाली ताडपत्री अंथरलीत तर कडा तंबूखाली दुमडा. आमची वीतभर बाहेर राहिली होती. रात्री पाऊस झाला, पाणी तिच्यावरून थेट तळाखाली शिरलं आणि पहाटे लेकीची स्लीपिंग बॅग अक्षरशः पिळावी लागली.

बुकिंगआधी नियम वाचा. काही ठिकाणी ट्रेलरच्या जागेवर तंबू चालत नाही. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात एका जागेवर मुलं धरून ६ जणच. तिथे अस्वलं आहेत, त्यामुळे तंबूत बिस्किटंच काय, टूथपेस्टसुद्धा नको. सगळं तिथे त्यासाठीच ठेवलेल्या लोखंडी पेटीत.

आणि पहिल्यांदा उभारायचा तो घरामागच्या अंगणात, वरून पाइपने पाणी मारून.