पहिली डाग आणि पंख्याचा कपॅसिटर

अरे, इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती शिकायची म्हणून नवी पेठेत जाऊन एकदम महागडं सोल्डरिंग स्टेशन घेऊ नकोस. 25 वॅटची साधी सोल्डरिंग आयर्न, 60/40 ची (60 टक्के कथील, 40 टक्के शिसं) बारीक सोल्डरची तार, फ्लक्स (जोड स्वच्छ करणारा लेप) आणि वीज मोजणारा बरा मल्टिमीटर, एवढ्यावर वर्षभर शिकता येतं. मीटरमध्ये मात्र काटकसर करू नकोस.

डाग देताना, म्हणजे सोल्डरने जोड करताना, नवखे तार आयर्नच्या टोकावर वितळवतात आणि थेंब वरून सोडतात. तसं नको. आधी टोक बोर्डावरचं तांब्याचं पॅड आणि सुट्या भागाचा पाय दोन्हींना टेकव, दोन सेकंद थांब, मग तार जोडाला लाव. ती आपोआप पसरते आणि चकचकीत, उतरत्या कडांची बसते. गोळा झाला, मळकट दिसला, तर डाग कच्ची. एप्रिलात आपल्या सोलापुरात पंख्याशिवाय बसवत नाही, हे मला ठाऊक आहे. पण वारा थेट टोकावर आला की जोड नीट तापत नाही. पंखा बाजूला वळव, खिडकी उघडी ठेव, धूर नाकात जाऊ देऊ नकोस.

पहिली दुरुस्ती घरातल्याच पंख्याची कर. पंखा हळू फिरतो, हाताने ढकलल्यावर सुरू होतो, तेव्हा बहुतेक वेळा त्यातला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) उतरलेला असतो. जुन्यावर 2.5 मायक्रोफॅरड लिहिलं असेल तर तेवढ्याचाच आण. आधी मेन स्विच बंद कर, टेस्टरने खात्री कर. कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, म्हणून टोकांना रेझिस्टर लावून तो रिकामा केल्याशिवाय बोट लावायचं नाही. यात मी कुणालाच सूट देत नाही.

अडलास तर बोर्ड घेऊन संध्याकाळी ये.