बाबा सारखे एकट्या माणसांच्याच कथा वाचतात, पुस्तकं काढून घेऊ का?

मागच्या पावसाळ्यात एका मुलीचा फोन आला, पुण्यात जॉबला असते, वडील नाशिकला एकटे. "मॅडम, आई जाऊन आठ महिने झाले, बाबा कुणाशी बोलत नाहीत, नुसते वाचत बसतात, आणि वाचतात काय तर सगळ्या एकट्या पडलेल्या पुरुषांच्या कथा. कपाटात जीए कुलकर्णींच्या कथा, उशाशी रशियन लेखक चेखॉव्हचा अनुवाद, माझं जपानी लेखक मुराकामीचं इंग्लिश पुस्तकसुद्धा उचललंय. याने डोक्यावर अजून परिणाम होईल ना? मी पुस्तकं काढून घेऊ का?"

मी समुपदेशन करते, हा प्रश्न मला दरवर्षी चार-पाच जणी तरी विचारतात, बहुतेक वेळा मुली किंवा सुना. म्हणून त्या मुलीच्या बाबांना, म्हणजे काकांना, विचारून इथे लिहितेय, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

काका एसटीत वाहतूक नियंत्रक होते. नोकरीभर माईकवर गाड्या पुकारल्या, दिवसाला शेकडो लोकांशी बोलले, पण घरी बोलायचं सगळं खातं काकूंकडे. नातेवाईकांचे फोन काकूंना, शेजारणी काकूंकडे, मुलीची ख्यालीखुशालीसुद्धा "बाबांना सांग गं" अशी काकूंकडूनच कळायची. काकू गेल्या आणि घरातला फोन वाजायचा बंद झाला, कुणी मुद्दाम तोडलं असं नाही, पण समोरची वहिनी हळदीकुंकवाला बोलवायला यायची ती आता कुणाला बोलवायला येणार? आपल्याकडच्या कितीतरी पुरुषांचा गोतावळा असा बायकोच्या जिवावर चालतो आणि हे त्यांना ती गेल्यावरच कळतं.

पहिली दोन सेशन्स तशीच गेली. झोप लागते का? लागते. जेवता का? जेवतो. काय वाटतं? बरं आहे. हात मांडीवर, नजर भिंतीवरच्या घड्याळावर. मी आपले नेहमीचे प्रश्न विचारत राहिले आणि तिथे माझं चुकलं, कारण ६४ वर्षांत ज्या माणसाला "तुला काय वाटतं" असं कुणी विचारलेलंच नाही तो माझ्या केबिनमध्ये बसून त्याचं उत्तर कुठून देणार?

तिसऱ्या वेळी त्यांच्या कापडी पिशवीतून सार्वजनिक वाचनालयाचं पुस्तक डोकावत होतं (आमचं नाशिकचं हे वाचनालय १८४० सालचं, काका नोकरीत होते तेव्हापासूनचे मेंबर). मी सहज विचारलं, सध्या कुठली कथा चाललीय? आणि काका चक्क बोलायला लागले.

चेखॉव्हची १८८६ सालची कथा होती. पीटर्सबर्गमध्ये बर्फ पडतोय, इओना नावाचा म्हातारा गाडीवाला, बर्फावर चालणारी त्याची घसरगाडी, एक घोडी. त्याच आठवड्यात त्याचा तरुण मुलगा गेलाय. आधी एक लष्करी अधिकारी गाडीत बसतो, इओना सांगायचा प्रयत्न करतो, तो एक प्रश्न विचारतो आणि मग डोळे मिटून घेतो. नंतर तीन टवाळ पोरं बसतात, त्यातला एक म्हणतो, अरे सगळेच मरणार, तू गाडी हाक. शेवटी तबेल्यात जाऊन तो सगळं घोडीला सांगतो. काका म्हणाले, "मॅडम, मलापण दहाव्याला सगळे हेच म्हणत होते, एक दिवस सगळ्यांनाच जायचंय."

मग म्हणाले त्या कथेत एक जागा आहे. इओनाला वाटत असतं की हे नीट, ओळीने सांगितलं पाहिजे, मुलगा आजारी कसा पडला, जाताना काय म्हणाला, अंत्यविधी कसा झाला आणि त्याचे कपडे आणायला आपण हॉस्पिटलात कसे गेलो. इथे काका थांबले. बराच वेळ गेला. मग एवढंच म्हणाले, "ते कपडे आणायला जायचं, ते लिहिलंय त्याने. मला वाटायचं ते फक्त माझंच आहे."

हॉस्पिटलने दिलेली काकूंच्या सामानाची पिशवी आठ महिने दिवाणाखाली होती. गाठ सोडलेली नव्हती. मुलीला माहीतच नव्हतं.

चेखॉव्ह स्वतः डॉक्टर होता, त्याने असे इओना पाहिले असणार असं मला वाटतं. दुःख झालेल्या माणसाला सांत्वन फार नको असतं, त्याला घडलेलं पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचं असतं, एकही पायरी न गाळता, आणि मध्ये न बोलणारं कुणीतरी समोर हवं असतं. बायका हे एकमेकींकडे करतात, त्याच त्या गोष्टी दहा वेळा सांगतात आणि त्यातून मोकळ्या होतात. पुरुषांना तशी जागाच नसते. कथेतला एकटा माणूस ती थोडीशी देतो, कारण आधी त्याच्याबद्दल बोलता येतं, स्वतःबद्दल लगेच बोलावं लागत नाही.

त्या पोरीचं मुराकामीचं पुस्तक, बायका नसलेल्या पुरुषांचा २०१४ चा संग्रह, मीही मग वाचलं. पहिल्या कथेतला नट बायको गेल्यावर वर्षानुवर्षं काही बोललेला नाही, तो बोलतो ते गाडीत, त्याच्यासाठी ड्रायव्हिंग करणाऱ्या तरुण मुलीशी, दोघांचीही नजर रस्त्यावर. हे वाचून मी केबिनमधल्या खुर्च्या फिरवल्या, दोन्ही खिडकीकडे तोंड करून, खाली रिक्षा स्टँड दिसतो. काका रिक्षांकडे बघत बोलायचे, छान बोलायचे.

जीएंचं म्हणाल तर एवढं सांगते, धारवाडला लोकांपासून लांब राहिलेला हा माणूस, काजळमाया या कथासंग्रहासारखा अंधार लिहिणारा, पण पत्रं किती लिहिली त्यांनी, पुढे त्यांचे खंडच्या खंड निघाले. अशा कथांमध्ये रमणाऱ्या माणसाने जगाकडे पाठ फिरवलीय असं समजू नका, त्याला बोलायची वाट सापडत नसेल एवढंच.

तर मुलीला मी म्हटलं, अगं पुस्तकं काढू नकोस, आणि त्या जागी ती पॉझिटिव्ह थिंकिंगची पुस्तकं तर अजिबात आणून ठेवू नकोस, माणसाला वाटतं आपलं दुःख घरात कुणाला नकोय. रोज फोनवर जेवलात का, बीपीची गोळी घेतली का, एवढंच विचारतेस, त्याबरोबर एकदा विचार, बाबा कुठली कथा चाललीय, काय होतं त्यात. ते सांगतील तेव्हा मध्ये बोलू नकोस.

काळजी कशाची करायची तेही सांगितलं. वाचणारा माणूस वाचायचाच बंद झाला, आंघोळ-जेवण सुटलं, पहाटे तीनला उठून बसायला लागला, पासबुकं आणि वस्तू वाटायला लागला, "आता माझं काय काम" असं वारंवार म्हणायला लागला तर थांबायचं नाही, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, २४ तास, मराठीतही बोलतात. हे मी कळकळीने सांगतेय कारण आपल्या देशात आत्महत्या करणाऱ्या दहा जणांत सात पुरुष असतात आणि त्यांच्यातल्या कितीतरी घरांत मला नंतर ऐकायला मिळालंय, ते तर काहीच बोलले नव्हते.

काकांना तशी वेळ आली नाही. आता ते डेपोसमोरच्या टपरीवर त्यांच्या एका जुन्या ड्रायव्हर मित्राला भेटतात, त्याची बायको तीन वर्षांपूर्वी गेली, हे काकांना इतके दिवस माहीत असूनही दोघं त्याबद्दल कधी बोललेच नव्हते.

दिवाळीच्या आधी मुलीचा फोन आला, रडत होती. तिने नेहमीसारखं विचारलं, बाबा कुठली कथा चाललीय, तर ते म्हणाले आज कथा नको, तू फोन चालू ठेव, मी दिवाणाखालची पिशवी काढतो. तिला प्लास्टिकची गाठ सोडल्याचा आवाज आला. मग एकेक वस्तू. चष्मा. केसांचा चाप. अर्धी राहिलेली व्हॅसलिनची डबी. नर्सने काढून कागदात गुंडाळून दिलेल्या बांगड्या, चार. ती काही बोलली नाही. मग काकांनी पहिल्यापासून सांगायला घेतलं, कुठल्या वारी ताप आला तिथून.