एकाच घरात मोती आणि मनी

या वेळी आलेली बरीच पत्रं कुत्रा आणि मांजर दोघंही असलेल्या घरांतली आहेत. प्रश्न वेगवेगळे दिसले तरी बहुतेकांचं मूळ एकच आहे. कुत्र्याला घर म्हणजे घरातली माणसं. मांजराला घर म्हणजे ती जागा, तिचे कोपरे आणि तिचा वास. हे ध्यानात ठेवून पुढची उत्तरं वाचावीत.

संध्याकाळी दार उघडलं की आमचा शेरू अंगावर झेपावतो. मांजर मात्र सोफ्यावरून मानही हलवत नाही. तिला आमचा लळा नाही का? (सुदामानगर)

लळा आहे, दाखवायची रीत वेगळी आहे. लांडग्यांच्या कळपात बाहेरून आलेल्याचं तोंड हुंगून-चाटून स्वागत होतं. शेरू उडी मारतो ती तुमच्या तोंडापर्यंत पोहोचायला. ती थांबवायची असेल, तर उडी मारताक्षणी पाठ फिरवा आणि चारही पाय जमिनीवर टेकले की मगच बोला, कुरवाळा. घरातल्या सगळ्यांनी हे पाळायला हवं. आजोबा एकटेच उडीवर लाड करत राहिले, तर कधीतरी फळ मिळतं या आशेवर ती सवय उलट जास्त पक्की होते.

मांजराचा पूर्वज आफ्रिकेतलं रानमांजर, एकट्याने शिकार करणारं. तिच्याकडे धावत येऊन भेटण्याची प्रथाच नाही. थोड्या वेळाने ती शेपूट उभं धरून येते आणि पायाला गाल घासते, ते बघा. तिच्या गालांत वासाच्या ग्रंथी असतात. बाहेरचा वास घेऊन आलेल्या तुम्हाला ती पुन्हा घरचा वास लावत असते. लांबून डोळे सावकाश मिटून उघडले, तर तुम्हीही तसंच करा. याहून मोठं स्वागत तिच्याकडे नाही.

घरात तीन वर्षांचा कुत्रा आहे. आता चार महिन्यांचं मांजरीचं पिल्लू आणलंय. तो शेपूट हलवत खेळायला जातो, ती फिस्कारून नाकावर पंजा मारते. ओळख कशी करून द्यावी? (लोकमान्य नगर)

दोघं एकमेकांना चुकीचं वाचताहेत. कुत्रा पुढचे पाय टेकून, मागचा भाग वर करून भुंकतो, तेव्हा ते खेळायचं आमंत्रण असतं. मांजराला ती झडप घालायची तयारी वाटते. शेपटीचंही तसंच. कुत्र्याचं सैल हलणारं शेपूट बहुतेक वेळा खुशीचं, पण मांजर शेपूट आपटायला लागलं की ते वैतागलेलं असतं. उलट मांजराचं उभं शेपूट मैत्रीचं, तर कुत्र्याचं ताठ उभं शेपूट आव्हानाचं. पाठीवर लोळणारा कुत्रा बऱ्याचदा नमतं घेत असतो. भांडणात पाठीवर पडलेलं मांजर चारही पायांची नखं मोकळी करत असतं, आणि कुत्रा नाक नेमकं तिथेच नेतो.

म्हणून आधी नाकांची ओळख, मग डोळ्यांची. पिल्लाला वेगळी खोली द्या. एका कोपऱ्यात शौचासाठी कमी काठाचा ट्रे, त्यात पाचेक सेंटीमीटर जाडीचा बिनवासाच्या लिटरचा, म्हणजे मांजराच्या शौचासाठी मिळणाऱ्या वाळूचा थर. खाणं-पाणी समोरच्या कोपऱ्यात, कारण शौचाच्या जागेजवळ मांजर जेवत नाही. उंचावर बसायला एखादी फळी हवीच.

मऊ फडकं पिल्लाच्या गालांवर फिरवून कुत्र्याच्या भांड्याखाली ठेवा, कुत्र्याच्या अंगावर फिरवलेलं तिच्या खोलीत. मग बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांना जेवण द्या. भांडी सुरुवातीला दारापासून दोन मीटरवर असू द्या आणि दोघं निवांत जेवत असतील तरच रोज थोडी जवळ सरकवा. कोणी जेवण सोडलं, तर आदल्या दिवसाच्या अंतरावर परत या.

त्यानंतर जाळीचं दार किंवा लहान मुलांसाठी लावतात ते फाटक. कुत्र्याला आधी फिरवून दमवून आणा, पट्टा हातात ठेवा, भेट दहा मिनिटांची. शेवटी एकाच खोलीत, पण कुत्रा पट्ट्यात आणि मांजर मोकळं. पिल्लाला कडेवर घेऊन कुत्र्याच्या तोंडासमोर धरणं ही नेहमी होणारी चूक आहे. पळायला वाट नसली की ती तुम्हालाच ओरबाडते.

कुत्र्याचं अंग ताठ, तोंड मिटलेलं, नजर खिळलेली आणि नाकासमोरच्या खाऊकडेही लक्ष नाही, असं दिसलं की भेट लगेच थांबवा. या सगळ्याला तीन-चार आठवडे सहज लागतात, काही घरांत महिने. पुढेही कोणी घरी नसताना दोघांना वेगळं ठेवा. आणि ट्रे कुत्र्याच्या तोंडापासून दूर ठेवा. मांजराच्या विष्ठेत प्रथिनं भरपूर उरतात आणि कुत्रे ती आवडीने खातात. ज्या फटीतून फक्त मांजर जाईल, तिच्या पलीकडे ट्रे ठेवला की प्रश्न मिटतो.

रामबागेतलं जुनं घर सोडून निपानियात फ्लॅटमध्ये आलो. मोती पहिल्या रात्रीच घोरत झोपला. मनी वॉशिंग मशिनच्या मागून निघत नाही.

मोतीची माणसं बरोबर आली, म्हणजे त्याचं घर आलं. मनीचं घर रामबागेतच राहिलं. तिला ओढून काढू नका. एकच खोली तिची करा आणि तिथे तिची जुनी गोधडी न धुता ठेवा. वर सांगितलेलं गालांचं फडकं खोलीतल्या कोपऱ्यांना, खुर्चीच्या पायांना तिच्या नाकाच्या उंचीवर रोज पुसा. फरशीला उग्र वासाचं फिनाईल काही दिवस नको. ती नीट जेवू लागली, शेपूट वर करून फिरू लागली, की दुसरी खोली उघडा. दिवसभरात काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना दाखवा, मांजराच्या यकृताला उपास झेपत नाही. किमान तीन आठवडे घराबाहेर सोडू नका, ती जुन्या घराच्या वाटेला लागते. गॅलरीला जाळी आजच लावा.

मांजर पहाटे साडेचारला उठवतं. कुत्रा आमच्याबरोबर उठतो.

पहाट आणि तिन्हीसांज या मांजराच्या शिकारीच्या वेळा. झोपण्यापूर्वी दोरीला बांधलेल्या पिसाशी दहा-पंधरा मिनिटं खेळवा आणि लगेच दिवसातलं शेवटचं जेवण द्या. पहाटे म्यावला उठून खायला देणं पूर्ण बंद. सुरुवातीला ती जास्त ओरडेल, तेव्हा हार मानली तर आणखी जोरात ओरडायला शिकेल.

रविवारी पोहे-जलेबी आली की कुत्रा ताटाशी लाळ गाळतो. मांजर जलेबी हुंगून निघून जातं. दोघांना थोडं दिलं तर चालेल का?

मांजराला गोड चव कळतच नाही, ती ओळखणारा जनुक त्याच्यात निकामी आहे. कुत्र्याला कळते, म्हणून तो हटत नाही. पण खरा धोका पोह्यांतल्या कांद्याचा आहे. कांदा कच्चा असो, शिजलेला असो की पूड, तो दोघांच्याही रक्तातल्या लाल पेशी फोडतो. कुत्र्याला किलोमागे 15 ते 30 ग्रॅम कांद्याने, मांजराला अवघ्या 5 ग्रॅमने त्रास झाल्याची नोंद आहे. म्हणजे चार किलोच्या मांजराला 20 ग्रॅम. हिरड्या पांढुरक्या पडणं, गडद लघवी ही लक्षणं काही दिवसांनी दिसतात, म्हणून कारण लक्षात येत नाही. लसूण याहून तीव्र, तेव्हा लसूण शेवही नको. मनुका आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात.

द्यायचंच असेल, तर फोडणीआधी भिजवलेले साधे पोहे दोन चमचे कुत्र्याला काढून ठेवा. शाकाहारी घरांना कळकळीने सांगतो: मांजर दूध-पोळीवर वाढवू नका. टॉरिन हे अमिनो आम्ल त्याला आहारातूनच मिळावं लागतं आणि ते मांसात असतं. ते कमी पडलं तर दृष्टी जाते, हृदय दुबळं होतं. कुत्र्याचं तयार खाणंही मांजराला पुरत नाही.

कुत्र्याच्या मानेवर टाकायचे गोचिडांचे थेंब मांजराला चालतात का?

खोक्यावर परमेथ्रिन (एक कीटकनाशक) लिहिलेलं असेल तर एक थेंबही नाही. मांजराचं यकृत ते पचवू शकत नाही. कान फडफडणं, थरथर, मग झटके, हे काही तासांतच सुरू होतं. थेंब टाकलेल्या कुत्र्याजवळ मांजराला तीन दिवस झोपू देऊ नका. चुकून लागलंच, तर कोमट पाण्यात भांडी घासायचा लिक्विड साबण घालून ती जागा धुवा, टॉवेलात गुंडाळा आणि थरथर सुरू व्हायची वाट न बघता खोक्यासकट डॉक्टरांकडे न्या.