मुद्दा अधोरेखित करायचा की रचायचा?

प्रश्न : मी मराठी माध्यमाच्या शाळेत सातवीला शिकवते. 'उताऱ्यातील मुख्य मुद्दा अधोरेखित करा' असे सांगितले, की निम्मा वर्ग पहिले वाक्य अधोरेखित करतो आणि उरलेली मुले जवळजवळ अख्खा उतारा. मुद्दा ओळखायला कसे शिकवावे?
— एक शिक्षिका, कुर्ला

उत्तर : बाई, माझ्या मते गोंधळाचे मूळ 'अधोरेखित करा' या सूचनेतच आहे, कारण मुद्दा आयत्या वाक्याच्या रूपात उताऱ्यात कोठेतरी ठेवलेला असतो, असा मुलांचा समज तिच्यामुळे होतो. पाठ्यपुस्तकातील माहितीपर पाठांत तसे वाक्य बऱ्याचदा आरंभीच सापडते. त्यामुळे पहिले वाक्य उचलण्याची सवय काही काळ फळते आणि म्हणूनच ती सुटत नाही. अपठित उताऱ्यात मात्र ती उघडी पडते.

पुढील उतारा फळ्यावर लिहून पाहा : 'विहार तलाव १८६० मध्ये पूर्ण झाला आणि मुंबईला नळाचे पाणी मिळू लागले. या तलावात मगरी आहेत. १८९२ मध्ये ठाणे जिल्ह्यातील तानसा तलावाचे पाणी शहरात आले. २०१४ मध्ये त्याहूनही दूरच्या मोखाडा तालुक्यातील मध्य वैतरणा धरणाची भर पडली.'

उतारा कशाविषयी आहे, असे विचारल्यावर 'मुंबईचे पाणी' हे उत्तर येईल. तो विषय झाला, मुद्दा नव्हे. त्याविषयी लेखक काय सांगतो, हा दुसरा प्रश्न विचारावा आणि उत्तर क्रियापदासह पूर्ण वाक्यातच मागावे. 'मुंबईला पाण्यासाठी उत्तरोत्तर अधिक दूर जावे लागले' हे वाक्य उताऱ्यात नाही. तीन वाक्ये एकत्र वाचून ते विद्यार्थ्यालाच रचावे लागते. मगरी मुलांना सर्वांत आधी आठवतील (आणि का आठवू नयेत?), पण ते वाक्य बिनमहत्त्वाचे आहे, असे आपण सांगू नये. ते पुसून उरलेला उतारा वाचायला लावावा. मुद्द्याला धक्का लागत नाही, हे त्यांचे त्यांनाच दिसते. विहार तलावाचे वाक्य पुसले, तर मात्र दूर म्हणजे कशापेक्षा दूर, हे कळेनासे होते.

अॅन ब्राउन आणि जीन डे या अमेरिकी संशोधिकांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अनावश्यक तपशील वगळणे पाचवीच्या मुलांनाही जमत असल्याचे, परंतु उताऱ्यात नसलेले मुद्द्याचे वाक्य स्वतः रचणे महाविद्यालयात गेलेल्यांनाही जड जात असल्याचे आढळले होते. तेव्हा सातवीच्या मुलांकडून ते महिन्याभरात साधेल, अशी अपेक्षा ठेवू नये. आठवड्याला चार-पाच वाक्यांचा एकच उतारा घ्यावा, तोही कधी भूगोलाचा, कधी विज्ञानाचा; पट मोठा असल्यास मुलांना जोडीने बसवून एकमेकांची वाक्ये तपासायला द्यावीत.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. अभ्यास करताना ती हायलायटरने पानच्या पान पिवळे करते. काय करावे?
— एक पालक, मुलुंड

उत्तर : पहिल्या वाचनात हायलायटर दूर ठेवावा. परिच्छेद संपला, की तिने पुस्तक मिटून त्यातील मुद्दा एका वाक्यात आपल्याला तोंडी सांगावा आणि मग त्या वाक्याला आधार देणारे शब्द तेवढे रंगवावेत. वाक्य जमत नसेल, तर परिच्छेदात दोन मुद्दे आहेत का, ते पाहावे. इतिहासाच्या पाठांत असे परिच्छेद पुष्कळ भेटतात आणि तेथे दोन वाक्ये सांगायला काहीच हरकत नाही.