तुझी मातृभाषा कुठली?

प्रिय सई,

परवा झोपताना तू विचारलंस, "आई, शाळेत माझी मदर टंग हिंदी आहे. मग घरी मराठीच बोल, असं का?" मी "आपण मराठी आहोत म्हणून" एवढंच म्हणाले आणि दिवा मालवला. ते उत्तर मलाच पुरलं नाही. हिंदीमुळे तुला देवनागरी येते, तेव्हा हे पत्र तूच वाच. 'ळ' तेवढा त्या पुस्तकात नाही, तो आपण घरी गिरवलाय.

सिंगापूर 1965 साली स्वतंत्र झालं तेव्हा इथे चिनी, मलय, तमिळ, इंग्रजी अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या शाळा होत्या. सरकारने ठरवलं, इंग्रजी सगळ्यांनी शिकायची. तिने नोकऱ्या मिळतील आणि ती कुणा एका समाजाची नाही. जोडीला प्रत्येकाने आपापली 'मातृभाषा'. 1987पर्यंत सगळ्या शाळांत इंग्रजी पहिली भाषा झाली. त्याचं फळ मोठं आहे. 2022च्या पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत गणित, विज्ञान, वाचन या तिन्हींत इथली मुलं जगात पहिली आली. मला त्याचं मनापासून कौतुक आहे.

पण ही मातृभाषा घरात काय बोलतात ते पाहून ठरली नाही, वंश पाहून ठरली. चिनी मुलाला मँडरिन ही प्रमाण चिनी, मग घरी होक्कियन असो की कँटोनीज अशी दुसरी बोली. 1979पासून तर मँडरिन बोला अशी मोहीमच निघाली आणि बोलीतले कार्यक्रम टीव्हीवरून गेले. आपल्या समोरच्या आजी आठव. त्या होक्कियन बोलतात, नात इंग्रजी. लिफ्टपाशी दोघी एकमेकींकडे बघून हसतात, मधे थोडी मोडकी मँडरिन. आजी नातीचे केस किती मायेने विंचरतात, पण गोष्ट सांगू शकत नाहीत. ते बघून माझ्या पोटात तुटतं.

भारतीय मुलांसाठी आधी तमिळ होती, 1990च्या सुमारास हिंदी, पंजाबी, बंगाली, गुजराती, उर्दू आल्या. मराठी त्यांत नाही, म्हणून तुला हिंदी. ती नीट शीक, सहावीच्या परीक्षेला लागणार आहे.

आता तमिळचं बघ. ती इथल्या चार राजभाषांतली एक. शाळेत आहे, एमआरटी मेट्रोच्या सूचनांत आहे, टीव्हीवर आहे. तरी इथल्या सगळ्या लोकांत घरी मुख्यतः तमिळ बोलणारे 2010मध्ये 3.3 टक्के होते, 2020मध्ये 2.5. इंग्रजी 32 टक्क्यांवरून 48वर गेली. एवढं सरकार पाठीशी असलेल्या भाषेचं हे, तर मराठीला इथे आपल्या स्वयंपाकघराशिवाय कोण आहे?

निघताना आपण 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. तुझ्या तमिळ मैत्रिणीच्या घरीही 'जाऊन येते' म्हणतात, विचार तिला. तू मागच्या सुट्टीत साताऱ्याहून निघताना आजीला 'बाय' म्हणालीस. तिने हसून हात हलवला, पण आत जाऊन डोळे पुसले. ती तुझ्या 'येते'ची वाट बघत होती.

शनिवारी तिचा फोन येईल. शब्द अडला तर इंग्रजी घाल, ती समजून घेईल. वाक्य मात्र मराठीच ठेव. आणि तिला विचार, लहानपणी मला 'ळ' म्हणता यायचा का.

तुझी,
आई