टीम सांभाळायला मानसशास्त्राचा खरंच उपयोग होतो का?

नुकतेच टीम लीड झालात, सांगितलेलं कोणी मनावर घेत नाही, म्हणून मानसशास्त्राचा कोर्स करू का असं विचारताय. कोर्स नंतर बघा, आधी मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविनचा प्रयोग वाचा.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत मांसाची टंचाई होती. गृहिणींनी गुर्दे, हृदय असे नावडते भाग रांधावेत म्हणून काही गटांना व्याख्यान दिलं. बाकीच्या गटांत बायकांनीच आपसात चर्चा केली आणि शेवटी कोण करून बघणार म्हणून हात वर केले. व्याख्यानवाल्यांपैकी ३ टक्क्यांनी ते रांधलं, चर्चावाल्यांपैकी ३२ टक्क्यांनी!

म्हणजे नुसतं सांगण्यापेक्षा टीमला विचारा, त्यांनाच ठरवू द्या. फक्त निर्णय आधीच घेऊन विचारायचं नाटक करू नका, लोक लगेच ओळखतात.

मी शिफ्ट सुपरवायझर असताना हँडओव्हरच्या वहीवरून (पाळी संपताना पुढच्या पाळीसाठी नोंदी लिहायची वही) रोज कटकट व्हायची. रागावून झालं, नोटीस लावून झाली. मग एकदा चहाच्या सुट्टीत नुसतं विचारलं, का भरत नाही? "साहेब, हात तेलाचे असतात, अन् पेन कधी जागेवर नसतं." मग त्यांनीच जागा ठरवली: बेसिनशेजारी, पेन सुतळीनं बांधलेलं. आठवड्यात वही भरायला लागली. रात्रपाळीवाले तरी अधूनमधून चुकवायचेच.